विद्यापीठात वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र साहाय्य केंद्रे कशासाठी असतात?

या केंद्रांकडे केवळ समुपदेशनाची जागा म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. तिथले बरेचसे काम व्यवहारी आणि कागदोपत्री असते. अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये किंवा स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक प्रणालीला, वाचता येईल अशा स्वरूपात मिळवून देणे, परीक्षेसाठी लेखनिक आणि वाढीव वेळ मंजूर करून घेणे, घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज रकान्यारकान्याने समजावून सांगणे, ही कामे प्राध्यापकांना जाता जाता उरकता येण्याजोगी नसतात.

ही कल्पना अलीकडचीही नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम १९४८ मध्ये सुरू केला, तर मिशिगन विद्यापीठात समलैंगिक विद्यार्थ्यांसाठीचे कार्यालय १९७१ मध्ये उघडले.

केंद्राची पारख मात्र फलकावरून करू नये. अपंगांसाठीचे केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, असा प्रकार असेल तर काय ते समजून घ्यावे. तेथे पूर्णवेळ कर्मचारी आहेत का आणि विद्यार्थ्याने सांगितलेली माहिती गोपनीय राहते का, हे आधी विचारावे. शिवाय नोंदणी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात करावी, कारण प्रमाणपत्रांची पडताळणी होऊन लेखनिक मिळेपर्यंत बराच वेळ जातो.