गच्चीवरच्या टमाटराची पानं खालून पिवळी पडून तपकिरी का होतात?

तुम्ही विचारलंत की खालची पानं पिवळी पडून तपकिरी होतायत, युरिया टाकू का; झाडं १२ इंची कुंडीत, माती शेतातली काळी, आणि पाणी रोज. मग युरिया टाकण्याआधी मातीत दोन इंच बोट घाला. ओलं लागलं तर निम्मं उत्तर तिथंच आहे.

आपली काळी माती पाणी धरून फुगते आणि कुंडीत तिच्यातली हवा संपते. मुळं गुदमरली की मातीत नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं तेच) असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग झाड जुन्या पानांतलं नत्र काढून वरच्या शेंड्याला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. कुंडी भरताना काळी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत समान घ्या, तळाला चार-पाच भोकं ठेवा. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी नको, मग ते रोज असो की तीन दिवसांनी.

आता तपकिरी डाग नीट बघा. डागात एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळी कड असेल तर तो लवकर येणारा करपा. ही बुरशी मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडते, त्यामुळे खालची पानं आधी धरते. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं कापून फेका (कंपोस्टात नको), मातीवर वाळला पालापाचोळा पसरा आणि पाणी सकाळी बुडाशीच द्या. तरी वाढला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम, पानांच्या खालूनही फवारा. तोडणी चालू असेल तर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते पुड्यावर वाचा. डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, औषध लागू पडलं की नाही ते नव्या पानांवरून ठरवा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम कमी: इप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण झाडाला मिळत नाही. आपल्या संत्र्याच्या बागांतही हेच दिसतं. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम फवारा. अशा मातीत वरून चुना टाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

मार्चनंतर पानांवर बारीक पिवळे ठिपके येऊन ती वाळत असतील तर पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले की लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. गंधक त्यावर चालतं, पण ३५ अंशांच्या वर पानं जाळतं, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमध्ये विसराच. तेव्हा ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा.

झाडाची एकच बाजू पिवळी पडून दुपारी मान टाकत असेल तर बुडाजवळ खोड उभं चिरून पाहा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर मर रोग. त्यावर औषध नाही, झाड मातीसकट काढा आणि त्या मातीत पुन्हा टमाटर लावू नका.