पाकिटं मोजू नकोस, बाटलीवरचं लेबल वाच

मावशी, नमस्कार. आमचे हे साडेचार महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले. तेव्हापासून दारूचा थेंब नाही, पण माणूस पार विझल्यासारखा झालाय. कामावर जातात, येतात, टीव्हीपुढे बसतात. काही विचारलं तर 'हं'. पूर्वी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तो माळ्यावर पडलाय. नणंदेने रील पाठवली की आनंदाचं रसायन डोक्यात नाही, पोटात बनतं. म्हणून मी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंची, पाकिटं सुरू केली, महिन्याला बाराशे रुपये. दोन महिने झाले. पोट साफ होतंय, चेहरा तसाच. त्यात सासूबाई गेल्या आठवड्यापासून पचनासाठी द्राक्षासव देतायत. ते घेतलं की यांचा चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं. सासूबाई म्हणतात, औषध लागू पडतंय. डॉक्टरांनी दारू सोडवायची गोळी आणि मूडची गोळी दिली आहे. हे म्हणतात, पाकिटं चालू आहेत तर मूडची गोळी बंद करू. काय करू?
— एक गृहिणी, कराड

अगं, तुझा प्रश्न नंतर. आधी उठ आणि ती द्राक्षासवाची बाटली घरातून बाहेर काढ. टाकण्याआधी लेबल वाच. त्यावर बारीक अक्षरात मद्यार्काचं प्रमाण छापलेलं असेल. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, त्यामुळे मद्यार्क त्यांत आपोआप तयार होतो, बिअरइतका किंवा थोडा जास्तही. दारू सोडवायची गोळी म्हणजे बहुतेक डायसल्फिराम. ती पोटात असताना मद्यार्क गेला की चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली येणं, हे सगळं होतं. सासूबाईंना जो गुण वाटतोय ती ही रिअॅक्शन असणार, आणि ती जिवावरही बेतू शकते. आजच डॉक्टरांना फोन कर. गोळीचा परिणाम शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांपर्यंत राहतो, म्हणून 'आज गोळी घेतली नाही, दोन चमचे चालतील' हा हिशेबही नको. खोकल्याची काही औषधं आणि बाजारात मिळणारा कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, यांच्याबाबतही हेच.

सासूबाईंना मात्र रागावू नकोस. त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

आता रीलकडे वळू. तिने सांगितलं ते खोटं नाही, अर्धवट आहे. ते 'आनंदाचं रसायन' म्हणजे सेरोटोनिन. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे खरं. पण ते तिथलं काम करतं, आतड्यांची हालचाल चालवतं. मेंदूभोवती एक कडक पहारा असतो, तिथून ते आत जात नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो.

म्हणून पोटाचा आणि मनाचा काही संबंध नाही, असं मात्र समजू नकोस. दोघांमध्ये व्हेगस नावाची मज्जातंतूंची मोठी तार आहे. शिवाय वर्षानुवर्षं दारू घेतली की आतड्याचं अस्तर सैल पडतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि अंगभर बारीक सूज राहते. 2014 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी दारू सोडायला आलेल्या लोकांना तपासलं. ज्यांची आतडी अशी गळकी होती, त्यांची उदासी, काळजी आणि दारूची ओढ जवळजवळ तीन आठवडे कोरडे राहूनही इतरांपेक्षा जास्त होती. तेव्हा तुझा अंदाज अगदीच चुकलेला नाही. पण पोट बिघडलं की मन बिघडतं, एवढं दिसलं म्हणून पाकिटाने मन सुधारतं असं सिद्ध होत नाही. त्यासाठी पाकिटं देऊन बघावी लागतात. 2023 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने तशी दिली: 49 जणांना, आठ आठवडे, काहींना खरी आणि काहींना आत जिवाणू नसलेली खोटी. खऱ्या पाकिटवाल्यांची उदासी खोट्या पाकिटवाल्यांपेक्षा जास्त उतरली. अभ्यास लहान होता, आणि मुख्य म्हणजे ते सगळेजण नैराश्याची गोळी घेत होते, तिच्या जोडीला पाकीट होतं. तुझे मिस्टर ज्या गोष्टीचा आधार घेऊन गोळी सोडू म्हणतात, ती गोष्ट गोळीच्या खांद्यावर उभी आहे. मूडची गोळी एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं, आणि मग संध्याकाळी पाय कुठे वळतील ते तू मला सांगायला नको.

साडेचार महिने कोरडे राहूनही माणूस असा विझलेला असेल, तर ते दारू उतरण्याचं दुखणं म्हणून सोडून देऊ नये. ते बहुतेकांचं पहिल्या महिन्याभरात हलकं होतं. कदाचित गोळी बदलावी लागेल, डोस वाढवावा लागेल. पुढच्या भेटीला तू सोबत जा. पाकिटाचा रिकामा खोका आणि बाटलीचा फोटो ने. त्यांच्या बोलण्यात कधी 'जगण्यात काय अर्थ' असं आलं, तर भेटीची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पाकिटं बंद केलीस तरी माझ्या मते काही बिघडणार नाही. बाराशे रुपयांत महिन्याभराचं दूध येतं. घरी विरजण लाव, दुपारी वाटीभर दही किंवा ताक. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, केळं, कारण आतल्या जिवाणूंनाही खायला लागतं आणि ते पाकिटात नसतं. (इडली-आंबोळी जरूर कर, पण वाफेत आणि तव्यावर ते जिवाणू मरतात, तेव्हा तिला औषध म्हणू नकोस.) डॉक्टरांनी बी-1 जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती मात्र चुकवायची नाही. दारूने ते शरीरात फार कमी पडतं.

एक गोष्ट पत्रात तू लिहिली नाहीस, पण मला दिसली. पूर्वी ते दारातून आत आले की तू त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचीस ना? आता रिकामी पाकिटं मोजतेस. पहारा तोच, जागा बदलली. त्या 'हं'मध्ये थोडा वाटा या पहाऱ्याचाही असेल. तुझंही मन या वर्षांत कमी झिजलेलं नाही. अल-अनॉनच्या सभा दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आणि जवळच्यांसाठीच असतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्येही बायकांचा 'सहचरी' गट आहे. एकदा तरी जाऊन बस. तिथे नवऱ्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलायला लावतात, पहिल्यांदा राग येतो.

आणि पखवाज. दारूची वेळ सात ते नऊ असेल, तर ते दोन तास आता मोकळे पडलेत आणि टीव्ही ते भरू शकत नाही. मंडळात भजनानंतर दारूची 'बैठक' व्हायची का, हे आधी त्यांनाच विचार. तशी होत नसेल तर पखवाज माळ्यावरून खाली काढ, धूळ पूस आणि ठेव. वाजवा म्हणू नकोस. डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते, त्यांनी मागितली तर मळून दे.

— मावशी