वाचकांचे प्रश्न : मलावीतील ग्रामीण रुग्णालयात काम करताना

प्रश्न : मी जनरल सर्जन आहे. मलावीतील एका ग्रामीण मिशन रुग्णालयाने मला सहा आठवड्यांसाठी बोलावले आहे. तिथे सर्जन नाही, त्यामुळे जास्तीत जास्त शस्त्रक्रिया कराव्यात असे मला वाटते. अशा भेटींतून मागे काही उरत नाही, असे माझे एक ज्येष्ठ सहकारी मात्र सांगतात. स्थानिक मंडळींबरोबर टिकाऊ सहकार्य कसे उभे करावे आणि सोबत यंत्रसामग्री न्यावी का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातील ‘तिथे सर्जन नाही’ या वाक्यातच दडलेले आहे. पदवीधर सर्जन नसला, तरी शस्त्रक्रिया करणारी माणसे तिथे आहेत. मलावीच्या जिल्हा आणि मिशन रुग्णालयांतील बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात. तीन वर्षांची पदविका आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण केलेला हा वर्ग आहे. भूल देण्याचे कामही वेगळे प्रशिक्षण घेतलेले त्यांच्यातलेच लोक करतात. आपले खरे सहकारी हेच, आणि आपले सहा आठवडे त्यांच्यासाठी खर्ची पडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वर्गाकडे ‘नाइलाजाने केलेली सोय’ म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. शेजारच्या मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राजधानी मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील २,०७१ सिझेरियन तपासण्यात आली, तेव्हा या कर्मचाऱ्यांच्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या निकालांत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा फरक आढळला नाही. पुढील एका पाहणीत असेही दिसले, की जिल्ह्याच्या ठिकाणी नेमलेले डॉक्टर काही वर्षांत जवळजवळ सगळे निघून गेले, पण हे कर्मचारी बहुसंख्येने तिथेच राहिले. शिकवण्याचे श्रम कोणावर घ्यावेत, याचे उत्तर मला तरी यातच दिसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात आपण टेबलाच्या पलीकडे, असिस्टंटच्या जागी उभे राहावे. क्लिनिकल ऑफिसर अडकलेला हर्निया (पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून बाहेर येऊन अडकलेले आतडे) कसा सोडवतो, आतड्याचा रंग परत आला की नाही हे ठरवायला किती वेळ थांबतो, रक्तस्राव झाल्यास प्रथम काय मागतो, हे शांतपणे पाहावे. मध्येच हात घालू नये, अर्थात रुग्णाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतर त्याच्याशी बोलून, दोन-तीनच शस्त्रक्रिया निवडाव्यात, ज्या तिथे वारंवार लागतात आणि आपण परतल्यावर तो स्वतः करू शकेल. आपल्याला येणारी, पण तिथे पुढे कोणालाच करता येणार नाही अशी मोठी शस्त्रक्रिया करण्याचा मोह आवरावा, कारण चौथ्या दिवशी उद्भवणारी गुंतागुंत निस्तरायला आपण तिथे असालच असे नाही.

हर्नियाचे उदाहरण मुद्दाम घेतले. युगांडातील कामुली येथे हर्नियाच्या ३०२ पुरुष रुग्णांवर झालेल्या चाचणीत, कमकुवत जागेला आधार म्हणून आत शिवायची मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी आणि बाजारातील महागडी जाळी यांचे निकाल जवळपास सारखे आले. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी ही वाट त्याच्या कितीतरी आधी चोखाळली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. असे कापड कीटकनाशक न लावलेले आणि काटेकोरपणे निर्जंतुक केलेले असावे लागते. तेव्हा रुग्णालयाच्या संमतीवाचून हा प्रयोग करू नये.

नोंदींकडे दुर्लक्ष करू नये. मलावीत रुग्ण स्वतःजवळ ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाची छोटी वही बाळगतो आणि प्रत्येक भेटीला तीच घेऊन येतो. शस्त्रक्रिया कोणती झाली, जाळी घातली का, टाके कधी काढायचे आणि कोणत्या लक्षणांवर तातडीने परत यायचे, हे त्या वहीत सुवाच्य अक्षरांत लिहिले, तर दूरच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेलाही पुढची दिशा कळते. तसेच मृत्यू आणि गुंतागुंती यांवर दर आठवड्याला एक बैठक सुरू करून तिचे अध्यक्षपद पहिल्यापासून स्थानिक व्यक्तीकडेच द्यावे. आपण परतल्यावर फोनवरून त्या बैठकीत सहभागी होता येईल.

यंत्रसामग्रीबाबत ऑपरेशन थिएटरच्या प्रमुख परिचारिकेला आधी विचारावे. काय बंद पडले आहे आणि कशामुळे, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. सुटा भाग तिथे मिळत नसेल आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ नसेल, तर नवे डायथर्मी यंत्र (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारे) लवकरच अडगळीत जाते; त्यापेक्षा पल्स ऑक्सिमीटरचे जास्तीचे प्रोब (बोटाला लावायचे चिमटे) आणि आहे त्या सक्शन मशीनचे सुटे भाग न्यावेत. मलावीच्या वैद्यकीय परिषदेकडील तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज रुग्णालयामार्फत वेळेवर करावा. तारखा आपल्या हातात असतील, तर मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडावा, कारण पावसाळ्यात कच्चे रस्ते खचतात आणि नियोजित शस्त्रक्रियेचे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत.