पार्लर काढतेस, तर आधी टॉवेलांचं बघ
अगं, मालवणात फेशियलची खोली काढतेयस, फार बरं वाटलं. मशीनवर पैसे नंतर घाल. आधी टॉवेल! जून ते सप्टेंबर आपल्याकडे काही म्हणता काही सुकत नाही, आणि कुबट टॉवेल तोंडाला लागला की गिऱ्हाईक गेलंच समज. प्रत्येकीला वेगळा, गरम पाण्यात धुतलेला, इस्त्री फिरवून खडखडीत केलेला.

नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांब; लग्नाच्या तोंडावर नवरीला नवं काही लावूच नकोस. टाचांना मात्र मुठेल. कोकमाच्या बियांच्या तेलाचा तो घट्ट गोळा जरा गरम केला की वितळतो, भेगांत छान मुरतो. स्वतः क्रीम बनवून विकणार असशील तर उत्पादनाचा परवाना लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस.