मस्टँग घेण्याआधी काउल बघ

१९६७ ची फोर्ड मस्टँग, ही जुनी अमेरिकन गाडी, घेतोयस ना, मग रंगाला भुलू नकोस. पुढच्या काचेखालच्या जाळीत, म्हणजे काउलमध्ये, बादलीभर पाणी ओत आणि डॅशखाली टॉर्च मारून बघ. कार्पेटवर थेंब पडले की समज, आतला पत्रा सडलाय. तो बदलायचा तर एकेक स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्यांचा ठिपक्यासारखा जोड, फोडावा लागतो. खरा पैसा तिथेच जातो. मग फ्रेम रेल (गाडीखालचे लांब पोकळ दांडे) आणि टॉर्क बॉक्स (ते दांडे दाराखालच्या उंबऱ्याला जोडणारे पत्र्याचे डबे) स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार त्यांच्यावरच. फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, चुंबक चिकटत नसेल तर खाली पुट्टी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली गाडी असेल तर जास्तच संशय घे, तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. फ्लोअर पॅन, म्हणजे तळाचे पत्रे, नवे मिळतात, त्याची धास्ती नको. कापाकापीआधी मात्र दारांच्या फटी मोज, आतून ब्रेस, म्हणजे आधाराचे दांडे, लाव, नाहीतर बॉडी वाकेल. इंजिन? ते सगळ्यात शेवटी.