जुना कोड, नवा पायथन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत व्याज काढणारा आणि पासबुक छापणारा प्रोग्रॅम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.७ आवृत्तीवर चालतो. नव्या संगणकावर फक्त पायथन ३ आहे. ‘२ टू ३’ हे साधन चालवलं की काम भागतं, असं कळलं. खरंच भागतं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : अर्धंच भागतं. हे साधन व्याकरण बदलतं. ‘प्रिंट’ला कंस लावतं, ‘हॅज-की’च्या जागी ‘इन’ घालतं, ‘एक्सरेंज’चं ‘रेंज’ करतं. या जागांना घाबरायचं कारण नाही, कारण तिथे काही राहून गेलं तर प्रोग्रॅम थांबतो आणि ओळीचा क्रमांकही सांगतो. खरी काळजी घ्यायची ती प्रोग्रॅम न थांबता वेगळं उत्तर देतो त्या जागांची. तुमच्यासारख्या कामात अशा तीन जागा हमखास सापडतात.

पहिली भागाकाराची. मुद्दल ५०,०००, दर ९ टक्के, दिवस ४५. सूत्र मुद्दल × दर × दिवस ÷ ३६५००. तिन्ही आकडे पूर्णांक असतील तर पायथन २ उत्तर देतो ५५४. दशांश भाग टाकून देतो. पायथन ३ मध्ये तीच ओळ ५५४.७९ देते. गणिताने नवं उत्तर बरोबर आहे, पण तुमच्या खतावणीत वर्षानुवर्षं ५५४ लिहिलं गेलंय. ‘२ टू ३’ भागाकाराच्या चिन्हाला हात लावत नाही, कारण समोरचे आकडे पूर्णांक आहेत की दशांश, हे त्याला नुसता कोड वाचून कळत नाही. जिथे जुनंच उत्तर हवं तिथे दोन तिरक्या रेघांचा भागाकार लिहा. तो दोन्ही आवृत्त्यांत सारखा वागतो. कुठे जुनं ठेवायचं आणि कुठे सुधारायचं, हे हिशेबनिसांना विचारून ठरवा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने परस्पर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी ‘राउंड’ची, म्हणजे आकडा जवळच्या पूर्णांकावर आणणाऱ्या फंक्शनची. पायथन २ मध्ये २.५ चे ३ होतात, पायथन ३ मध्ये २. बरोबर अर्धा आला की नवी आवृत्ती जवळच्या सम संख्येकडे जाते. पैशांसाठी ‘डेसिमल’ मॉड्यूल वापरा, त्यात ‘राउंड हाफ अप’ हा नियम स्पष्ट द्या, आणि आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, त्याच्या हाती द्या. आधी दशांश अपूर्णांक करून मग दिलात तर त्यातली बारीक चूकही सोबत जाते.

तिसरी मराठी मजकुराची, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त त्रास हीच देते. पायथन २ मधली साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही खरं तर बाइटांची माळ. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘सातारा’ या शब्दात स, काना, त, काना, र, काना अशी ६ चिन्हं आहेत. म्हणून लांबी मोजणारं ‘लेन’ पायथन २ मध्ये १८ सांगतं, पायथन ३ मध्ये ६. पासबुकात गावाचा रकाना २० जागांचा असेल तर जुना प्रोग्रॅम पुढे २ रिकाम्या जागा भरायचा, नवा १४ भरेल, आणि पुढचे सगळे रकाने सरकतील. कागदावर तर ‘सातारा’ तीनच अक्षरांची जागा घेतो, त्यामुळे यातलं एकही मोजमाप छपाईला धड लागू पडत नाही. रकाने जागा मोजून न भरता पानावरची निश्चित जागा देऊन छापा. नाव २० वर कापणारा कोड असेल तर तोही शोधा: जुना प्रोग्रॅम ६ चिन्हं आणि सातव्याचे २ बाइट ठेवून शेवटी कचरा छापायचा, नवा प्रोग्रॅम चिन्ह फोडणार नाही, पण मात्रा मागच्या अक्षरापासून तोडू शकतो.

आता कामाचा क्रम. जुन्या संगणकावर एका पूर्ण आर्थिक वर्षाचे अहवाल काढून फाइलींत जपा. पुढची सगळी तुलना यांच्याशीच करायची आहे. मग पायथन २.७ वरच प्रोग्रॅम ‘-३’ आणि ‘-क्यूवॉर्न’ हे स्विच (चालवण्याच्या आज्ञेला जोडायचे पर्याय) देऊन चालवा. पूर्णांकांचा भागाकार जिथे जिथे होतो तिथे इशारा मिळेल, पण फक्त प्रत्यक्ष चाललेल्या ओळींसाठी; म्हणून वर्षअखेरीची कामंसुद्धा चालवून पाहा. त्या जागा निस्तरल्या की प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ‘फ्यूचर’ मधून ‘डिव्हिजन’ आणि ‘प्रिंट फंक्शन’ आयात करा. हा क्रम उलटा करू नका. ‘डिव्हिजन’ आयात झालं की भागाकाराचे इशारे बंद होतात.

फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, दर वेळी लिहा. विंडोजवर ते लिहिलं नाही तर पायथन ३ अनेकदा संगणकाचं जुनं कोडपेज धरतो आणि मराठी नावं वाचताना गोंधळ होतो. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून काढलेली फाइल असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला न दिसणारं एक चिन्ह चिकटून राहतं आणि तो रकाना सापडत नाही.

एवढं झाल्यावर ‘२ टू ३’ चालवा. ते पायथन ३.१३ पासून काढून टाकलेलं आहे, म्हणून ३.१२ किंवा आधीची आवृत्ती बाजूला बसवावी लागेल. ते चाललं की ‘इव्हॅल’ हा शब्द शोधा. जुन्या ‘इनपुट’च्या जागी हे साधन ‘इव्हॅल’मध्ये गुंडाळलेलं ‘इनपुट’ लिहितं, म्हणजे खिडकीवर बसलेला माणूस टाइप करेल तो कोड चालेल. ते हाताने काढून ‘इंट’ घाला. शेवटी पायथन ३ वर ‘-बीबी’ स्विच देऊन चालवा. बाइट आणि मजकूर यांची तुलना कुठे उरली असेल तर तिथे प्रोग्रॅम मुद्दाम थांबेल. मग जपलेल्या अहवालांशी ओळीला ओळ लावून पाहा.

प्रश्न : पिकलमध्ये (पायथनचे ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवणारं मॉड्यूल) साठवलेला जुना डेटा पायथन ३ मध्ये उघडताना ‘आस्की’ची (फक्त रोमन अक्षरं जाणणारं एन्कोडिंग) तक्रार येते.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ‘लोड’ला ‘एन्कोडिंग’ द्या. डेटा नुसता यूटीएफ-८ मजकुराचा असेल तर ‘यूटीएफ-८’. त्यात तारखा-वेळांचे ऑब्जेक्ट किंवा नमपाय या गणिती लायब्ररीचे ॲरे असतील तर ‘लॅटिन१’, आणि मराठी नावं नंतर परत बाइट करून यूटीएफ-८ ने उलगडा. नवी फाइल पायथन २ लाही वाचायची असेल तर प्रोटोकॉल २ मध्ये लिहा.

प्रश्न : एवढा त्रास होणार हे माहीत असताना पायथनकारांनी जुना कोड चालू का ठेवला नाही?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : मजकूर आणि बाइट एकाच प्रकारात कोंबलेले होते, हे मूळ दुखणं. पायथन २ दोन प्रकारच्या स्ट्रिंग जोडताना मनानेच आस्की धरायचा. ‘पाटील’ हे नाव रोमन लिपीत असेपर्यंत प्रोग्रॅम चाले, देवनागरीत आलं की शून्य-एक्स-ई-शून्य या बाइटवर कोसळे. हे दुरुस्त करायचं तर कुठेतरी मोडतोड अटळ होती, आणि देवनागरीत काम करणाऱ्यांनी त्या दुरुस्तीबद्दल कृतज्ञच असायला हवं.

चूक झाली ती वाट आखण्यात. ३.० आवृत्ती ३ डिसेंबर २००८ ला आली तेव्हा एकच फाइल दोन्ही आवृत्त्यांत चालवणं फार अवघड होतं. युनिकोड स्ट्रिंगच्या आधी लागणारं ‘यू’ हे अक्षरसुद्धा ३.० ने नाकारलं. ते नुसतं चालू ठेवण्यात काहीच खर्च नव्हता. अपेक्षा अशी होती की लोक एकदा कोड बदलतील आणि पुढे जातील. पण लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्यांना दोन्हीकडचे वापरकर्ते सांभाळायचे होते, आणि त्यांची लायब्ररी आल्याशिवाय बाकीचे हलू शकत नव्हते. २०१२ मध्ये ३.३ ने ते ‘यू’ परत घेतलं, ‘सिक्स’सारख्या छोट्या लायब्ररीने फरक झाकले, तेव्हा गाडी रुळावर आली. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता. तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० ची.

प्रश्न : प्रोजेक्ट पायथन ३.११ वर चालत होता, ३.१२ वर ‘डिस्टयुटिल्स (लायब्रऱ्या बांधून बसवणारं जुनं मॉड्यूल) सापडत नाही’ म्हणतो. ३ च्या आत तर काही मोडायला नको ना?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पायथनमध्ये दुसरा आकडा वाढला तरी गोष्टी काढल्या जातात. नियम एवढाच की आधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यायचा. ‘डिस्टयुटिल्स’ बाबत तो ३.१० पासून मिळत होता, पण असे इशारे आयात केलेल्या मॉड्यूलमधून आले तर एरवी दिसत नाहीत. तात्पुरतं त्याची जागा घेणारं ‘सेटअपटूल्स’ बसवा, ३.१२ च्या नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरती वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) ते आपोआप येत नाही. कायमचा उपाय म्हणजे ज्या लायब्ररीला ते लागतं तिची नवी आवृत्ती घेणं. पुढच्यासाठी चाचण्या ‘-डब्ल्यू एरर’ देऊन चालवा, म्हणजे इशाराच चूक ठरतो. ३.१३ मध्ये ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ ही मॉड्यूलंही गेली आहेत.

प्रश्न : नव्या आवृत्तीत जुना कोड मोडण्याच्या या अडचणीतून इतर भाषांनी मार्ग काढला आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : रस्ट भाषेची ‘एडिशन’ (प्रत्येक लायब्ररीने आपल्यापुरती निवडायची भाषेची पिढी) आम्हाला सर्वांत नेटकी वाटते. २०१८ च्या एडिशनने ‘असिंक’ हा शब्द भाषेसाठी राखून ठेवला. तरी २०१५ ची एडिशन लिहिलेल्या लायब्ररीत त्याच नावाचं फंक्शन राहू शकतं, आणि दोन्ही लायब्रऱ्या एकाच प्रोग्रॅममध्ये जोडता येतात. नवा कंपायलर घेतला म्हणून एडिशन बदलत नाही. ती तुम्ही ठरवाल तेव्हा बदलते.

गो भाषेने २०१२ मध्ये आवृत्ती १ सोबत सुसंगततेचं वचन दिलं. २०२४ च्या १.२२ आवृत्तीत लूपमधलं चल प्रत्येक फेरीला नवं होऊ लागलं, पण मॉड्यूलच्या फाइलमध्ये गो १.२२ किंवा पुढचं लिहिलं असेल तरच. तेव्हा ती ओळ सहज म्हणून वाढवू नका. आधी चाचण्या जुन्या आकड्यावर चालवून घ्या, मग आकडा बदलून पुन्हा चालवा, आणि तो बदल इतर कशातही न मिसळता वेगळा नोंदवा.