गरोदरपणातलं यकृत : खाज, ‘पित्त’ आणि कावीळ

प्रश्न : मला ३३ वा आठवडा सुरू आहे. आठ दिवस झाले, रात्री तळहात आणि तळपाय इतके खाजतात की झोप लागत नाही. अंगावर पुरळ मात्र नाही. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, खोबरेल तेल लाव. डॉक्टरांची तारीख १५ दिवसांनी आहे, तोवर थांबू का?

उत्तर : तेल खुशाल लावा, पण तारखेची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांतच रक्त तपासून घ्या. पुरळ नाही, खाज तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री वाढते, हे वर्णन यकृताकडे बोट दाखवतं. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे काही जणींच्या यकृतातून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात. या आजाराला ‘कोलेस्टॅसिस’ म्हणतात. मूळ दोष त्वचेत नसतो, म्हणून मलमांनी थोडा आराम पडतो, खाज जात नाही. कातडीवर दिसतात ते फक्त नखांचे ओरखडे.

तपासण्या दोन सांगा : लिव्हर फंक्शन टेस्ट आणि टोटल बाइल अ‍ॅसिड (म्हणजे हीच पित्तातली आम्लं). दुसरी लहान लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून ती आधी मार्गी लावा. उपाशी राहण्याची गरज नाही. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसेल, त्यानं घाबरू नका. ते वारेतूनही येतं आणि शेवटच्या महिन्यांत वाढतंच. पाहायचं ते एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि बाइल अ‍ॅसिड. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) या आजारात बहुतेकदा नॉर्मल असतं, त्यामुळे ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठीक’ हा हिशेब इथे चुकतो. रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली, तर आठवड्याभराने पुन्हा तपासा. कधी खाज आधी येते, आकडा मागाहून चढतो.

जेवणानंतरचं बाइल अ‍ॅसिड १९ मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर निदान पक्कं धरतात. आईला यात त्रास होतो तो खाजेचा. काळजी असते ती बाळाची. आकडा १०० च्या पुढे गेला की बाळ पोटातच दगावण्याचा धोका स्पष्ट वाढतो. म्हणून बाळंतपणाची वेळ आकड्यावर ठरते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त असल्यास ३५ ते ३६ आठवड्यांना, ४० ते ९९ असल्यास ३८ ते ३९ आठवड्यांना, आणि १९ ते ३९ असल्यास ४० आठवड्यांपर्यंत. जुळी असतील किंवा बीपी वाढलेलं असेल, तर तारीख अलीकडे येते. सोनोग्राफी आणि ठोक्यांचा आलेख चांगला आला तरी हा विशिष्ट धोका त्यातून आधी कळत नाही. म्हणूनच ही तारीख महत्त्वाची.

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वजनाच्या दर किलोला रोज १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत त्यांनी खाज थोडीशीच कमी झाली, बाळाच्या धोक्यात फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिल्यास घ्या, पण ‘गोळ्या चालू आहेत, आता थांबलं तरी चालेल’ असं समजू नका. थंड पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे आणि मेन्थॉलचं क्रीम यांनी रात्र सुसह्य होते. शौचाला पांढुरकं, तेलकट होत असेल तर जरूर सांगा. मग व्हिटॅमिन के लागू शकतं. बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र रिपोर्टसाठी न थांबता थेट दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर खाज थोड्याच दिवसांत जाते. सहा आठवड्यांनी लिव्हर टेस्ट पुन्हा करून ती नॉर्मलवर आल्याची खात्री करा. पुढच्या खेपेला हा त्रास बहुधा परततो, तेव्हा दवाखान्यात नाव घालतानाच सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वीही हा इतिहास सांगा.

प्रश्न : मैत्रिणीला आठव्या महिन्यात छातीखाली उजवीकडे दुखत होतं, उलट्या होत होत्या. दोन दिवस पित्ताचं औषध घेतलं, मग एकाएकी सिझेरियन करावं लागलं. पित्त आणि हे, फरक कसा ओळखायचा?

उत्तर : घरी खात्रीने ओळखता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. २० आठवड्यांनंतर उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर सलग दुखत असेल, तर त्याच दिवशी बीपी, सीबीसी, एसजीओटी-एसजीपीटी, एलडीएच, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं पाहायलाच हवीत. कारण हा ‘हेल्प सिंड्रोम’ असू शकतो. त्यात लाल पेशी फुटतात, यकृताचे एन्झाइम चढतात आणि प्लेटलेट एक लाखाखाली जातात. यकृत सुजून त्यावरचं आवरण ताणलं जातं, ते दुखतं. अँटासिडचा तिथे काय उपयोग! काही जणींचं बीपी सुरुवातीला नॉर्मल असतं, म्हणून एकट्या बीपीवर विसंबू नये. प्लेटलेट काही तासांत घसरतात, त्यामुळे तपासणी ६ ते १२ तासांनी पुन्हा करतात. उपचार म्हणजे बाळंतपण, आणि आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतही हा आजार सुरू होऊ शकतो.

उलट्यांबरोबर गुंगी, खूप तहान, रक्तातली साखर कमी, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारी तपासणी) वाढलेला, असं दिसल्यास यकृतात तीव्र चरबी साठल्याची शंका घ्यावी. हा आजार दुर्मीळ, पण तासांवर चालणारा. रक्तपेढी आणि आयसीयू असलेल्या ठिकाणीच न्यावं.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे. डोळे पिवळे, लघवी गडद. गावात कावीळ उतरवणारी माळ घालतात, काढाही देतात. चालेल का?

उत्तर : माळेमागे एक दिवसही घालवू नका. माळेतल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांची बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. गरोदर बाईची गोष्ट वेगळी : शेवटच्या तीन महिन्यांत या आजाराने १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात. इचलकरंजीत २०१२ साली अशीच पाण्यातून साथ आली होती.

सूनबाईंना आजच मोठ्या रुग्णालयात न्या. बिलिरुबिन, एसजीपीटी, हिपॅटायटिस ई आयजीएम आणि मुख्य म्हणजे पीटी-आयएनआर तपासा. आयएनआर १.५ च्या वर, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर क्षणभरही थांबू नये. काढा नको, गुळवेलही नको. यकृताला आणखी इजा होऊ शकते. नुसत्या उसाच्या रसावर ठेवू नका, वरण-भात, पोळी, दूध, जे पचेल ते द्या. घरातल्या सगळ्यांनी खळखळून उकळलेलं पाणी प्यावं.

प्रश्न : एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी) पॉझिटिव्ह आलं. अंगावर पाजता येईल का?

उत्तर : हो, बाळाला इंजेक्शनं वेळेवर मिळाली की निर्धास्त पाजा. आत्ता एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते तपासा. तो मिलिलिटरला २ लाख युनिटपेक्षा जास्त असेल, तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ३०० मिलिग्रॅम रोज देतात. हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. केवळ यासाठी सिझेरियन लागत नाही. जन्मल्यावर १२ तासांच्या आत एका मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि दुसऱ्या मांडीत लस, मग ६, १०, १४ आठवड्यांना नेहमीचे डोस. खरी अडचण येते ती इथे : रात्री-अपरात्री इम्युनोग्लोब्युलिन मिळत नाही. ३६ व्या आठवड्यातच दवाखान्यात विचारून त्याची सोय करून ठेवा. पती आणि मोठी मुलं यांची तपासणी आताच करा. बाळाची ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान.